कणगीला भगदाड : बाळंतपणानंतरच्या थायरॉइडचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. या दिवसांत आमच्या तालुक्याच्या गावी संध्याकाळी सहानंतर कुणी कानटोपीशिवाय दिसत नाही. दवाखान्यातले शेवटचे दोन-तीन पेशंट उरले असताना शुभदा आली (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत). अंगावर साधी सुती साडी, ना स्वेटर ना शाल. मागून सासूबाई, लोकरीच्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन.

"अहो डॉक्टर, ही रात्री पंखा लावून झोपते. आम्ही सगळे गोधडीत कुडकुडतो आणि ही गोधडी लाथाडते."

शुभदा २८ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ऑगस्टच्या शेवटी माहेरी पहिलं बाळंतपण झालं, सगळं सुरळीत. तीन महिने माहेरी राहून ती नुकतीच सासरी परतली होती. गेला महिनाभर छातीत धडधडत होतं, हात थरथरत होते, जिना चढला की धाप लागत होती. अळीव आणि डिंकाचे लाडू रोज पोटात जात असूनही वजन पाच किलोंनी उतरलं होतं. केस तर विंचरले की मूठभर हातात येत होते. झोप लागत नव्हती, पण साडेतीन महिन्यांचं बाळ असलेल्या कुठल्या आईला झोप लागते? हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने तिला विचारून झाला होता.

सोबत एक रिपोर्ट, एक चिठ्ठी आणि कार्बिमाझोलच्या गोळ्यांची न फोडलेली पट्टी होती. माहेरच्या गावी रक्ततपासणीचं शिबिर लागलं होतं, तिथे तिने तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडला हुकूम देणारं मेंदूकडचं हार्मोन) ०.०१ पेक्षा कमी, टी-३ आणि टी-४ (थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स) दोन्ही वर. तिथल्या डॉक्टरांनी 'थायरॉइड वाढलंय' म्हणून १० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा लिहून दिली होती. बाळ अंगावर पीत असल्यामुळे सासूबाईंनी पट्टी फोडू दिली नाही. "आधी आपल्या डॉक्टरांना दाखवू," एवढंच त्यांचं म्हणणं.

तपासताना काय दिसलं

बसलेल्या अवस्थेत नाडी ११२. रक्तदाब १२४ आणि ६६. तळहात गरम आणि ओलसर. हात पुढे ताणून धरायला सांगितलं आणि बोटांवर केसपेपरचा कोरा कागद ठेवला, तर कागदाची कड फडफडू लागली. चिंतेने हात थरथरतो तेव्हा तळहात बहुतेक वेळा गार असतो. हा गरम होता.

मग पाण्याचा पेला दिला आणि गळ्याकडे बघत घोट घ्यायला सांगितलं. थायरॉइड तपासायची ही सगळ्यात स्वस्त चाचणी. ग्रंथी स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असते. उजवा आणि डावा असे दोन खंड, आणि त्यांना जोडणारी मधली पट्टी साधारण श्वासनलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कड्यावर आडवी. वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. ती श्वासनलिकेला पक्की बांधलेली असल्यामुळे गिळताना तिच्याबरोबर वर सरकते. गळ्यातली गाठ घोटासरशी वर गेली, की ती थायरॉइडची असण्याची शक्यता मोठी. शुभदाची ग्रंथी थोडी मोठी झालेली जाणवली. हाताला घट्ट, पण दाबल्यावर दुखत नव्हती. स्टेथोस्कोप ठेवला तर रक्ताची सूंसूं ऐकू आली नाही. डोळे जरा टक्क दिसत होते, पण बाहेर आलेले नव्हते.

अडचण काय होती

रक्तात थायरॉइडचं हार्मोन जास्त आहे, हे उघड होतं. अडचण पुढची होती. हे जास्तीचं हार्मोन येतंय कुठून?

बाळंतपणानंतर दोन आजार अशा वेशात येतात. पहिला ग्रेव्हजचा आजार. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून हे नाव. यात शरीर एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार करतं, ते टीएसएचची नक्कल करतं आणि ग्रंथीला चोवीस तास कामाला जुंपतं. दुसरा, बाळंतपणानंतरचा थायरॉइडायटिस, म्हणजे ग्रंथीचा दाह. गरोदरपणात आईची प्रतिकारशक्ती थोडी नरमाईने वागते, नाहीतर पोटातलं अर्धं परकं बाळ तिने टिकू दिलं नसतं. बाळंतपण झालं की ती उसळून परत येते. ज्या बायकांमध्ये थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासून असतात, त्यांची ग्रंथी या उसळीत सापडते. साधारण शंभरात पाच बाळंतिणींना हा त्रास होतो. बहुतेक वेळा तो बाळंतपणाच्या थकव्यात खपून जातो आणि निदान होतच नाही.

लक्षणं दोन्हींत सारखी, टीएसएच दोन्हींत तळाला. पण एकावरचं औषध दुसऱ्यावर काडीचंही चालत नाही. का, हे समजायला ग्रंथीच्या आत डोकवावं लागतं.

ग्रंथीत नेमकं काय चालतं

हार्मोन बनवणाऱ्या बहुतेक ग्रंथी फार मोठा साठा ठेवत नाहीत. थायरॉइडचा स्वभाव वेगळा आहे. ती साठा करते, आणि तोही थोडाथोडका नाही, दोन-तीन महिने पुरेल इतका.

सूक्ष्मदर्शकाखाली ही ग्रंथी म्हणजे असंख्य बारीक गोल पिशव्या. प्रत्येक पिशवीची भिंत पेशींच्या एकाच थराची आणि आत चिकट, जेलीसारखा द्रव, ज्याला कोलॉइड म्हणतात. भिंतीतल्या पेशी बाहेरच्या बाजूने रक्तातलं आयोडाइड पंपासारखं आत ओढतात, तेही रक्तातल्या प्रमाणाच्या कितीतरी पट. आतल्या बाजूने त्याच पेशी थायरोग्लोब्युलिन नावाचं अगडबंब प्रथिन कोलॉइडमध्ये सोडतात. तिथे थायरॉइड पेरॉक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) आयोडीनचे अणू त्या प्रथिनावर चिकटवतं आणि तुकडे एकमेकांना जोडतं. चार अणू बसले की टी-४, तीन बसले की टी-३. पण अजून ते मोकळे नसतात. प्रथिनाला लगडलेले, पिशवीत पडून असतात.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून टीएसएचचा हुकूम आला की पेशी कोलॉइडचा थेंब गिळतात, आत त्याचे तुकडे करतात आणि हार्मोन रक्तात सोडतात. सोडतात त्यात मोठा वाटा टी-४ चा. खरं कामाचं टी-३; पण दिवसभरात लागणाऱ्या टी-३ पैकी सुमारे ८० टक्के यकृत, मूत्रपिंड वगैरे ठिकाणी टी-४ चा एक आयोडीन काढून बनतं. रक्तातलं हार्मोन वाढलं की पीयूषिका टीएसएच आखडते, घटलं की वाढवते. म्हणून आजार थायरॉइडचा असला तरी चाचणी आपण पीयूषिकेच्या हार्मोनची करतो.

हे सगळं मी सासूबाईंना कागदावर गोल काढून सांगत होतो. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"म्हंजी ही कणगी झाली. मळणी वेगळी, साठवण वेगळी."

मी इतकी वर्षं गोल काढतोय, मला कणगी सुचली नव्हती. ग्रेव्हजच्या आजारात मळणी थांबतच नाही, घरात धान्याचा पूर येतो. थायरॉइडायटिसमध्ये मळणी ठप्प असते, पण कणगीला भगदाड पडलेलं असतं. दाहामुळे पिशव्यांच्या भिंती फुटतात आणि दोन-तीन महिन्यांचा साठा हुकमाशिवाय रक्तात सांडतो. अंगणात धान्य दोन्हीकडे सारखंच दिसतं, आणि रक्ताचा रिपोर्ट म्हणजे नुसतं अंगण.

कार्बिमाझोल पेरॉक्सिडेझचं काम अडवतं, म्हणजे मळणीयंत्र बंद करतं. कणगी फुटलेली असेल तर यंत्र बंद करून सांडणारं धान्य थांबत नाही. उलट साठा संपल्यावर जी मळणी पुन्हा सुरू व्हायला हवी, तिलाच ते आडवं येतं. शिवाय या गोळीने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. जिथे फायदा शून्य, तिथे क्वचितचा धोकाही महाग.

अंगावरच्या दुधाची सासूबाईंना जी भीती होती, ती मात्र तितकीशी खरी नाही. ग्रेव्हज ठरलाच असता तर मर्यादित मात्रेत ही गोळी बाळाला पाजत असतानाही देता येते. त्यांचं कारण चुकलं, पण पट्टी न फोडण्याचा निर्णय बरोबर ठरला.

पहिला निर्णय : रिपोर्टवर विश्वास ठेवायचा का?

केस गळतात म्हटल्यावर मी विचारलं, "केसांसाठी काही घेतेस का?" तिने पर्समधून डबी काढली. मेडिकलवाल्याकडून आणलेली, १० मिलिग्रॅम बायोटिनची. रोज एक.

बायोटिनची दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे तिच्या पोटात रोज तीनशे पटींहून जास्त जात होतं. शरीराला त्याने सहसा अपाय होत नाही, पण प्रयोगशाळेतल्या यंत्राची फसगत होते. थायरॉइडच्या अनेक चाचण्या बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन यांच्या चिकटण्यावर उभ्या आहेत. रक्तातच बायोटिन जास्त असलं तर ते त्या जागा बळकावतं. मग टीएसएच खोटं कमी दिसतं, टी-३ आणि टी-४ खोटे जास्त दिसतात. त्यावर कहर म्हणजे ग्रेव्हजचं प्रतिपिंडही खोटं वाढलेलं दिसू शकतं. कागदावर ग्रेव्हजचं हुबेहूब सोंग. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता, पण केसांच्या डब्यांवर तो सहसा छापलेला नसतो.

इथे मनात दोन बाजू होत्या. बायोटिनने रिपोर्ट बिघडतो, नाडी ११२ होत नाही, आणि बोटांवरचा कागदही फडफडत नाही. म्हणजे आजार खरा होता, याची मला जवळजवळ खात्री होती. तरी पुढची महत्त्वाची चाचणी प्रतिपिंडाची, आणि तीच खोटी निघाली असती तर मी आत्मविश्वासाने चुकीच्या रस्त्याला लागलो असतो. म्हणून डबी बंद केली आणि रक्त पाच दिवसांनी घ्यायचं ठरवलं.

कोणते मार्ग समोर होते

*कार्बिमाझोल सुरू करायचं.* चिठ्ठी तयार, गोळ्या हातात. 'आधी सुरू करू, मग बघू' हा मोह पेशंटपेक्षा डॉक्टरलाच जास्त असतो. वर सांगितलेल्या कारणाने तो मार्ग मी बाजूला ठेवला.

*टेक्निशियम या किरणोत्सारी द्रव्याचा स्कॅन.* भेद करायला उत्तम. मळणी जोरात असेल तर ग्रंथी टेक्निशियम भरभरून ओढते आणि चित्रात उजळते. कणगी फुटलेली असेल तर काहीच ओढत नाही, गळ्याच्या जागी अंधार. पण सोय ९० किलोमीटरवरच्या शहरात, आणि बाळ अंगावर पिणारं. आयोडाइड ओढणारा जो पंप थायरॉइडमध्ये असतो, तोच दुधाच्या ग्रंथींतही असतो. निसर्गाने तो बाळाला आयोडीन मिळावं म्हणून ठेवला, पण टेक्निशियमही त्याच वाटेने दुधात उतरतं. म्हणजे काही तास पाजणं थांबवून दूध काढून टाकायचं. जमण्यासारखं होतं, पण दुसरा उपाय असताना कशाला? किरणोत्सारी आयोडीन-१३१ चा तर या बाईच्या बाबतीत विषयच नव्हता.

*प्रतिपिंडाची चाचणी.* टीएसएच ग्रंथीच्या पेशीवर जिथे बसतं त्या ग्राहकाविरुद्धचं (रिसेप्टरविरुद्धचं) प्रतिपिंड रक्तात सापडलं तर ग्रेव्हज, नाही तर बहुधा थायरॉइडायटिस. नमुना पुण्याला पाठवावा लागतो, चार-पाच दिवस जातात आणि चाचणी स्वस्त नाही. पण बाळंतिणीला घराबाहेर पडावं लागत नाही.

*नुसती वाट बघायची.* थायरॉइडायटिस असेल तर साठा संपल्यावर हार्मोन आपोआप उतरतं. ग्रेव्हज असेल तर चढत जातं. महिनाभराने रक्त पुन्हा तपासलं की उत्तर मिळतं. गरीब घरात हाही रास्त मार्ग आहे. मी तो अनेकदा वापरला आहे आणि त्याची लाज वाटत नाही.

एक घरगुती हिशेबही असतो. टी-३ आणि टी-४ एकाच एककाच्या पद्धतीत आणून भागले, की गुणोत्तर २० च्या वर गेल्यास ग्रेव्हजची शंका वाढते. जुंपलेली ग्रंथी टी-३ जास्त बनवते, फुटलेली कणगी मात्र साठ्यात जे प्रमाण होतं तेच सांडते. हे निदान नव्हे, कल कळतो.

काय केलं

प्रतिपिंडाची चाचणी आणि लक्षणांपुरतं औषध, असं ठरलं. दम्याचा त्रास कधी नव्हता हे दोनदा विचारून प्रोप्रॅनोलॉल २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं. दम्याच्या माणसाला हे औषध महागात पडतं, म्हणून दोनदा. हार्मोन त्याने कमी होत नाही, धडधड आणि थरथर कमी होते. पाजताना चालतं.

घरी जाताना सासूबाईंनी मिठाचं विचारलं. कुणीतरी सांगितलं होतं की थायरॉइडला आयोडीनचं मीठ वाईट, म्हणून घरात सैंधव आणलं होतं. ते मी त्याच दिवशी बदलायला लावलं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर आणि पाजणाऱ्या बाईला २५०. बाळाचं सगळं आयोडीन आईच्या दुधातून येतं आणि त्यावर त्याच्या मेंदूची वाढ अवलंबून असते. साधं आयोडीनयुक्त मीठ, नेहमीच्या प्रमाणात, एवढंच पुरे. कोबी-फ्लॉवर बंद करू का, असंही विचारून झालं. शिजवून खुशाल खा म्हटलं.

बायोटिन बंद केल्यावर पाच दिवसांनी घेतलेल्या रक्तात टीएसएच अजूनही ०.०१ खाली, पण टी-४ १७.८ वरून १५.४ मायक्रोग्रॅमवर आणि टी-३ २९० वरून २१० नॅनोग्रॅमवर आलं होतं. आकड्यांतली थोडी सूज बायोटिनची होती, बाकीचं खरं. गुणोत्तर १४ च्या आत. चार दिवसांनी पुण्याहून उत्तर आलं : ग्रेव्हजचं प्रतिपिंड ०.६, म्हणजे १.७५ च्या मर्यादेखाली. पेरॉक्सिडेझविरुद्धचं प्रतिपिंड मात्र ६४०, जिथे ३४ च्या खाली असायला हवं.

कणगीच फुटली होती.

कार्बिमाझोलची पट्टी सासूबाईंनी मेडिकलमध्ये परत केली आणि पैसेही परत आणले. दोन आठवड्यांनी नाडी ८८. जानेवारीच्या मध्याला टी-४ १०.२ वर उतरलं, म्हणजे अगदी मधोमध. टीएसएच अजून तळालाच होतं. इतके दिवस गप्प बसलेली पीयूषिका एकदम बोलू लागत नाही, तिला कित्येक आठवडे लागतात. प्रोप्रॅनोलॉल हळूहळू कमी करून बंद केलं आणि मी म्हटलं, "सहा आठवड्यांनी ये."

इथे धागा सुटला

ती आली नाही. फेब्रुवारीत १८० दिवसांची रजा संपली, शाळा सुरू झाली, पाठोपाठ परीक्षा आल्या. धडधड थांबली होती, म्हणजे तिच्या लेखी थायरॉइड बरं झालं होतं.

मार्चअखेर तिची सहकारी शिक्षिका तिला घेऊन आली. बाहेर ३८ अंश तापमान. स्टाफरूममध्ये सगळ्या बायका पंख्याखालच्या खुर्चीसाठी भांडतात आणि ही शाल पांघरून कोपऱ्यात बसते, असं तिने सांगितलं. वजन सात किलोंनी वाढलेलं, चेहरा सुजट, आवाज जाड, पोट तीन-तीन दिवस साफ नाही. नाडी ५८. शुभदा स्वतः फार बोलली नाही. "फळा पुसायला हात वर करवत नाही," एवढं म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाळ रडलं तरी उठावंसं वाटत नाही."

टीएसएच ४१. टी-४ ३.९.

साठा सांडून संपला होता. मळणी मात्र अजून सुरू झालेली नव्हती. बाळंतपणानंतरच्या थायरॉइडायटिसचा हा दुसरा टप्पा, आणि तो येऊ शकतो हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं, कारण मी फक्त 'ये' म्हटलं होतं. का ये, हे सांगितलं नव्हतं.

दुसरा निर्णय : गोळी द्यायची की वाट बघायची?

हा टप्पाही बऱ्याच जणींमध्ये आपोआप ओसरतो. लक्षणं सौम्य असती आणि टीएसएच आठ-नऊ असतं, तर मी महिना-दीड महिना थांबलो असतो. इथे बाई वर्गात उभी राहू शकत नव्हती, दूध कमी झालं होतं, आणि ते 'उठावंसं वाटत नाही' माझ्या कानातून जात नव्हतं.

म्हणून लिव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम सुरू केलं. हे तेच टी-४, कारखान्यात बनवलेलं. सकाळी अनशापोटी साध्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिला सुरू होत्या, त्या दुपारच्या जेवणाबरोबर ढकलल्या, कारण त्या आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि गोळीचा काही भाग वाया जातो. माझ्या दवाखान्यात 'गोळी लागू पडत नाही' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण चहाबरोबर गोळी घेणारे निघतात.

मनाचा प्रश्न मी थायरॉइडच्या खात्यावर टाकून मोकळा झालो नाही. थायरॉइड घटलं की माणूस मंद आणि उदास होतो हे खरं, पण बाळंतपणानंतरचं नैराश्य वेगळ्या वाटेनेही येतं आणि दोन्ही एकत्रही नांदतात. सहकारी शिक्षिकेला बाहेर बसवून बाळंतिणींसाठीची दहा प्रश्नांची प्रश्नावली विचारली. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आहे का, तेही सरळ विचारलं. तसं नव्हतं, पण गुण काळजी करण्याइतके होते. दर आठवड्याला यायचं ठरलं, आणि रात्रीचं एक पाजणं वाटीचमच्याने नवऱ्याने करायचं असं त्याला बोलावून सांगितलं. महिन्याभरात फरक नसता तर जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणार होतो. तिसऱ्या आठवड्यात ती बाळाला घेऊन आली आणि त्याच्या दाताबद्दल बोलत राहिली, थायरॉइडबद्दल नाही. मला तेवढं पुरलं.

दोन आठवड्यांतच तिने विचारलं, "पुन्हा रक्त तपासायचं का?" नाही म्हटलं. टी-४ चं अर्धआयुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे सात दिवस. रोजची गोळी आणि रोजची घट यांचा मेळ बसायला पाच आठवडे जातात, आणि त्यानंतर पीयूषिका तो मेळ पाहून आपला आवाज बदलते. सहा आठवड्यांआधीच्या टीएसएचवर मात्रा बदलली, की गाडी झोकांड्या खाऊ लागते.

शेवटी काय झालं

मेच्या मध्याला टीएसएच ९.२. मात्रा ७५ केली. जुलैत २.४. तोवर ती पूर्ववत झाली होती. केसही परत आले, आणि त्याचं श्रेय ती अजून तेलाला देते. खरं म्हणजे बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस गळतातच आणि बहुतेकींचे वर्षभरात परत येतात.

यानंतरचा निर्णय सहज राहून जातो. एकदा गोळी लागली की 'आता जन्मभर' असं धरून चालण्याची आपल्याकडे सवय आहे. हाशिमोटोंच्या आजारात, म्हणजे ग्रंथीच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहात, ज्याचं वर्णन जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये केलं, ते बहुधा खरंही ठरतं. पण बाळंतपणानंतरच्या थायरॉइडायटिसमध्ये अनेकींची ग्रंथी वर्ष-दीड वर्षात सावरते. काहींची सावरत नाही. कुणाची कोणती, हे गोळी कमी केल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या बाळाचा विचार नसतानाच हा प्रयोग करायचा, कारण गरोदर बाईचं टीएसएच हेलकावे खाऊ देणं परवडत नाही. शुभदाला विचारलं, तर "इतक्यात नाही हो" म्हणून हात जोडले.

नोव्हेंबरात ७५ वरून ५०, जानेवारीत २५, मार्चच्या सुरुवातीला बंद. प्रत्येक पायरीनंतर सहा आठवड्यांनी टीएसएच. एप्रिलमध्ये ३.८, ऑक्टोबरमध्ये ३.२. ग्रंथी गोळीशिवाय उभी राहिली. प्रतिपिंडं आहेतच, म्हणून वर्षातून एकदा टीएसएच ठरलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक माझी, जानेवारीतली. 'सहा आठवड्यांनी ये' हे वाक्य नोकरी करणाऱ्या बाळंतिणीच्या आयुष्यात हवेत विरतं. आता मी केसपेपरवर तारीख लिहितो आणि खाली : थंडी वाजली, पोट साफ नाही झालं, उदास वाटलं तर तारखेआधी यावं. नवऱ्याचाही मोबाइल नंबर घेतो. थायरॉइड इतकं घटलेलं असताना शुभदा वर्ग सांभाळत होती, ते टळलं असतं.

दुसरी गोष्ट गरोदरपणाच्या फाइलची. ती मी मार्चमध्ये मागवली. नवव्या आठवड्यात टीएसएच ३.६ होतं. 'ठीक' म्हणून पुढे गेलेलं, आणि ते तसं चूकही नव्हतं. पण त्याच फाइलमध्ये कौटुंबिक इतिहासाचा रकाना कोरा होता, आणि तिची आई बारा वर्षं थायरॉइडची गोळी घेते. तो रकाना भरला असता, तर पेरॉक्सिडेझविरुद्धचं प्रतिपिंड तेव्हाच तपासता आलं असतं. ते पहिल्या तिमाहीत सापडलेल्या बायकांपैकी तिघींत एकीला किंवा त्याहून जास्तजणींना पुढे हा दाह होतो. तिच्यावर आधीपासून नजर राहिली असती. हा माझा हिशेब आहे. सगळ्याच गरोदर बायकांची ही चाचणी करावी का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

बायोटिनचा प्रश्न मला केसांवरून सुचला, तो नशिबाचा भाग. केस गळत नसते, ती डबी 'त्वचेच्या तजेल्यासाठी' असती, तर मी विचारलंच नसतं. आता रक्त घेणाऱ्या मुलीलाच सांगून ठेवलंय : थायरॉइडच्या प्रत्येक नमुन्याआधी केस, नखं, त्वचा यांची गोळी चालू आहे का, विचारायचं. गेल्या उन्हाळ्यात तिने असे दोन जण पकडले, त्यातला एक पैलवान होता.

स्कॅन न करण्याबद्दल माझं मन अजून पक्कं आहे. एका मित्राने मात्र विचारलं, की प्रतिपिंड सीमारेषेवर आलं असतं तर? तर ९० किलोमीटर जावं लागलं असतं, दूध काढून टाकावं लागलं असतं, आणि मी तसं सांगितलं असतं.

मागच्या महिन्यात शुभदा आली ती बाळाच्या लसीसाठी. जाता जाता दारात थांबून म्हणाली, "डॉक्टर, आता दुसऱ्याचा विचार चाललाय." मी तिला परत आत बसवलं. एकदा फुटलेली कणगी पुढच्या बाळंतपणानंतर पुन्हा फुटण्याची शक्यता बरीच असते. फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहिलं : दिवस राहिल्याबरोबर टीएसएच, बाळंतपणानंतर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पुन्हा. सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि फाइल माझ्याकडे न ठेवता स्वतःच्या पिशवीत घातली.